दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर

पहिल्यांदा बटण दाबल्यावर ढिम्म राहणारा आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होणारा डेस्कटॉप संगणक बिघडलेला समजावा की धडधाकट, याबाबत कडेगावात दोन पक्ष आहेत. दुरुस्ती करणारे त्याला बिघडलेला म्हणतात. वापरणारे म्हणतात, "चालू होतोय की!" दुसरा पक्ष बहुमतात असल्याने हा संगणक दुरुस्तीला जात नाही. मुळीच सुरू न होणारा संगणक त्याच दिवशी मोटारसायकलवर बसून विट्याला किंवा कराडला जातो आणि बरा होऊन परत येतो. दुसऱ्या दाबाचा मात्र वर्षानुवर्षे टेबलाखाली तग धरतो आणि जून महिन्यात, दाखल्यांची रांग दुकानाबाहेर गेलेली असताना, तिसऱ्या दाबावर जातो.

कडेगाव हे गुहागर-विजापूर रस्त्यावर कराड आणि विटा यांच्या दरम्यानचे, खानापूर तालुक्यातून वेगळ्या झालेल्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचे ठिकाण म्हटले की तहसील आले, पंचायत समिती आली, नगरपंचायत आली आणि त्यांच्या आसऱ्याने झेरॉक्सची दुकाने, टायपिंगवाले, सेवा केंद्रे आली. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीकविमा हे सगळे आता संगणकातून निघते. त्यामुळे सकाळी दहा वाजता शटर वर गेले की तालुक्याचा कारभार एका काळ्या डब्यावरच्या गोल बटणापाशी येऊन थांबतो. नवीन पोऱ्या कामाला लागला की मालक त्याला पासवर्डाच्या आधी बटणाची रीत शिकवतो: "एकदा दाबायचं. पंखा फिरून थांबला की घाबरायचं नाही. दहा मोजायचे. मग परत दाबायचं." पोऱ्या पुढे स्वतःचे दुकान टाकतो तेव्हा नव्या कोऱ्या संगणकालाही हीच रीत लावतो, आणि पहिल्या दाबाला सुरू झाला तर त्याला जरा चुकल्यासारखे होते.

दोष शोधण्याचा क्रम ठरलेला आहे, पण गावात तो उलटा वापरला जातो. कडेगावचे मोहरमचे ताबूत महाराष्ट्रभर माहीत आहेत. बांबूचे, शंभर फुटांहून उंच, हिंदू-मुसलमानांनी मिळून उचललेले हे ताबूत वरच्या कळसापासून बांधत खाली आणतात. ताबुताला ही रीत शोभते, संगणकाला नाही. तरीही संगणक सुरू झाला नाही की पहिले निदान कळसावरचेच होते: "व्हायरस असंल. विंडोज मारून घ्या." ज्या यंत्राचा पंखादेखील धड फिरलेला नाही, त्यातल्या विंडोजला दोष देण्यात अर्थ नसतो. विंडोज असते हार्ड डिस्कवर, व्हायरसही तिथेच असतो, आणि बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत दोघांपैकी कोणालाही अजून जाग आलेली नसते. शोध घ्यायचा तो जमिनीलगत, भिंतीतल्या सॉकेटपासून.

सॉकेट हा विषय वाटतो तेवढा लहान नाही. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन इतर दोघींपेक्षा लांबही असते. अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे, म्हणून. एक्स्टेंशन बोर्डावर जागा पुरत नसेल तर ही पिन कापून टाकण्याची किंवा प्लगच काढून दोन उघड्या वायरी सॉकेटात घालून त्या काडीपेटीच्या काड्यांनी आवळण्याची पद्धत आहे. काडी वाळली, वायर सैल झाली की पहिल्या दाबाला संगणक उठत नाही. मालक टेबलाखाली वाकतो, बोर्डाला एक चापट मारतो आणि संगणक दुसऱ्या दाबाला उठतो. संगणकाच्या दुखण्यांपैकी निदान काही तरी एका काडीत बरी होतात.

लाईट आहे की नाही हे पाहायला टेस्टर लावतात. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटला की "लाईट आहे" असा निकाल लागतो. पण तो दिवा 230 व्होल्टला पेटतो तसा त्याच्या निम्म्या व्होल्टेजलाही पेटतो. लाईट आहे एवढे सांगतो, किती आहे ते सांगत नाही. गावठाणात हा प्रश्न कमी, वस्तीवर जास्त. शेतीच्या लाईनवर थ्री फेज आली की विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या ऑटोस्विच लावलेल्या मोटारी एकाच दमात सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी वस्तीवरच्या घरातला बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो आणि नेमके तेव्हाच कोणी संगणकाचे बटण दाबले असेल तर आतला पुरवठा उभा राहण्याआधीच बसतो. मिनिटभराने मोटारी गतीला लागतात, व्होल्टेज सावरते, दुसरा दाब यशस्वी होतो. श्रेय बोटाला मिळते.

अर्थिंग नसल्याचा पुरावा संगणक स्वतःच देतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. "बॉडीला करंट उतरलाय" असे म्हणून वायरमनला बोलावले जाते. वायरमनला काही सापडत नाही, कारण बहुधा काही बिघडलेलेच नसते. वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्ये, सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण अनवाणी माणसाला समजायला पुरेसा असतो. यावर कडेगावात दोन इलाज आहेत. एक म्हणजे नीट अर्थिंग करून घेणे. दुसरा, पायात स्लीपर घालणे. दुसरा अधिक प्रचलित आहे.

यूपीएस हा भिंत आणि संगणक यांच्यातला मध्यस्थ. त्यात बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षे काम करते. त्यानंतर ती फक्त वजन देते. यूपीएस आपल्या परीने सांगत असतो: दर काही सेकंदांनी शिट्टी मारतो. पहिल्या आठवड्यात सगळे वळून पाहतात, दुसऱ्या आठवड्यात ग्राहकच वळतात, महिन्याभरात शिट्टी थांबली तर मालकाला चैन पडत नाही. यूपीएस दोषी आहे का हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याला बाजूला काढून संगणक थेट सॉकेटवर लावून पाहणे. मध्यस्थ काढल्यावर व्यवहार सुरळीत झाला, तर दोष कोणाचा ते कळले.

आता मुख्य आरोपी. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पंख्यासह बसवलेला पत्र्याचा चौकोनी डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घेऊन तो 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तयार करतो. यांशिवाय संगणक बंद असतानाही तो 5 व्होल्टची एक पातळ धार चालू ठेवतो, कारण समोरचे बटण विजेचा स्विच नसतेच. ते मदरबोर्डाला "उठायची वेळ झाली" एवढाच इशारा देते. इशारा मिळाला की एसएमपीएस सगळे व्होल्टेज उभे करतो, ते स्थिर झाले याची खात्री करतो आणि मग 'पॉवर गुड' नावाचा संकेत मदरबोर्डाला पाठवतो. हे सगळे सेकंदाच्या अर्ध्या भागात आटोपते. संकेत आला नाही तर मदरबोर्ड पुढचे काहीच करत नाही. सरकारी कचेरीत सही झाल्याशिवाय फाईल हलत नाही, यात कडेगावकरांना नवल वाटण्याचे कारण नाही.

सही अडते ती बहुतेक वेळा कपॅसिटरमुळे. एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डावर उभ्या छोट्या डब्यांसारखे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या पोटात द्रव असतो. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून तो सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज सपाट ठेवण्याचे त्यांचे काम जमेनासे होते. थंडीत हा रोध आणखी वाढतो. म्हणून डिसेंबरच्या सकाळी, रात्रभर गार पडलेला संगणक पहिल्या दाबाला नीट व्होल्टेज उभे करू शकत नाही. एसएमपीएस स्वतःला आवरून घेतो, पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. पण त्या फसलेल्या प्रयत्नात कपॅसिटर थोडे भरतात, थोडे ऊब धरतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नाला जेमतेम पुरे पडतात. "जुनं मशीन हाय, जरा तापू द्या" असे सांगणारा दुकानदार शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असतो. ते त्याला माहीत नसते, एवढेच.

झाकण काढल्यावर हा रोग डोळ्यांनी दिसतो. चांगल्या कपॅसिटरचे डोके सपाट असते आणि त्यावर फुलीसारख्या खाचा असतात. गेलेल्याचे डोके फुगलेले असते, कधी खाच फाटून तपकिरी खरपुडी बाहेर आलेली असते. 1999 ते 2007 च्या सुमारास तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या नामांकित मदरबोर्डांत गेले आणि लाखो संगणक वेळेआधी निवर्तले. कडेगावच्या धुळीला आणि एमएसईबीला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यावे. (2005 साली महावितरण झाली, पण शिव्या अजून जुन्याच नावाने जातात.)

एसएमपीएस बदलावा, उघडू नये. त्याच्या पहिल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकून राहू शकतो. आत काय दडले आहे हे पाहण्याची उत्सुकता पालींना जास्त असते. उबेला येतात, दोन टोकांना एकाच वेळी शिवतात आणि संगणकाबरोबर स्वतःचाही विषय संपवतात. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या खाचांवरच्या पट्ट्या न काढता तशाच ठेवल्या तर दोघांचाही जीव वाचतो.

खुद्द बटणाकडे कोणी पाहत नाही. खंडेनवमीला संगणकाची पूजा होते, हळदकुंकू वाहिले जाते आणि ते नेमके बटणावरच वाहिले जाते, कारण संगणकाचे कपाळ कोणते याबद्दल एकमत आहे. काही वर्षांनी बटण आत जाऊन चिकटून बसते. आणखी एक दोष बोटाचा. संगणक सुरू होत नाही म्हटल्यावर माणूस बटण जोर लावून दाबून धरतो. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर संगणक सक्तीने बंद व्हावा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे दाबताक्षणी सुरू झालेला संगणक तोच माणूस, त्याच बोटाने, त्याच दाबात बंद करतो आणि वर म्हणतो, "पहिल्या दाबाला होत नाही." दुसऱ्यांदा वैतागून नुसती टिचकी मारतो आणि संगणक सुरू होतो. या रुग्णाला औषध लागत नाही.

पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळा, हा पुढचा प्रकार. आधी मॉनिटरचे स्वतःचे बटण पाहावे. हे सांगणे अपमानास्पद वाटते, पण सफाई करणाऱ्या हातांनी ते बंद होते आणि त्यापायी विट्याहून माणूस आल्याची उदाहरणे हवी तेवढी सापडतील. त्यानंतर रॅम. रॅमची पट्टी मदरबोर्डाच्या खोबणीत बसते आणि तिच्या कडेला सोनेरी टोकांची रांग असते. धूळ, दमटपणा आणि बोटांचा तेलकटपणा त्या टोकांवर बसला की जोड कधी लागतो, कधी लागत नाही. इलाज म्हणजे शाळकरी खोडरबर. पट्टी काढायची, सोनेरी टोके रबराने हलक्या हाताने घासायची, कचरा झटकायचा, खोबणीत फुंकर न घालता ब्रश फिरवायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' करेपर्यंत पट्टी बसवायची. फुंकर घालू नये, कारण तिच्यात थुंकी असते. हा इलाज दोन मिनिटांचा असून त्याचे बिल 'मदरबोर्ड सर्व्हिसिंग' या नावाने निघते.

त्या टोकांवर लावलेला मुलामा खऱ्या सोन्याचा असतो. सोने गंजत नाही, म्हणून तो असतो. जाडी मात्र एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागातली कित्येक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेली आहेत. तिथून सुट्टीला आलेल्या पाहुण्यासमोर जुनी रॅम घासायला घेऊ नये. तो रबराकडे पाहत नाही, पट्टीकडे पाहतो.

खोलीत शांतता असेल तर संगणक आपले दुखणे तोंडाने सांगतो. मदरबोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असल्यास एक लहान 'पीप' म्हणजे बहुधा सारे ठीक; लांब 'पीप' पुन्हा पुन्हा वाजला तर बऱ्याच बोर्डांवर तो रॅमविषयी असतो. पण आताच्या अनेक कॅबिनेटांत स्पीकरच नसतो. ज्यांत असतो, त्यांच्या दुकानात यूपीएसची शिट्टी आधीच चालू असते.

मदरबोर्डावरचा रुपयाएवढा सेल हा या साऱ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कारस्थानी भाग. त्याचे नाव सीआर2032. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपला की रोज सकाळी संगणक काळ्या पडद्यावर एफ-1 दाबायला सांगतो. दुकानदार ते न वाचता दाबतो. विंडोज सुरू होते, पण घड्याळात तारीख दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. सरकारी संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारीख पाहून तपासली जातात. त्या तारखेला ती प्रमाणपत्रे जन्मलेलीच नसतात. संकेतस्थळ उघडत नाही. दुकानदार रांगेकडे वळून जाहीर करतो, "सर्व्हर डाऊन हाय. दुपारनंतर या." रांगेतला शेतकरी बसस्थानकावर जाऊन बसतो. मुंबईतला सर्व्हर धडधाकट असतो. डाऊन असतो तो वीस-तीस रुपयांचा सेल. कडेगावात 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांनी जेवढी माणसे परत गेली, त्यांतली थोडी तरी या सेलच्या खात्यावर मांडायला हवीत.

यानंतर डिस्क. स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले तर आधी समोरच्या खाचेत पाहावे. काल कोणीतरी लग्नपत्रिका छापायला आणलेला पेनड्राइव्ह तिथेच असतो आणि संगणक त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो. पेनड्राइव्ह काढला की दुसऱ्या दाबाला सुरू. तो नसेल तर डिस्कची केबल सैल आहे का पाहावे. फिरणारी डिस्क बहुधा मिनिटाला 7200 फेरे घेते आणि तिचा आवाज सलग असतो, मध्येच 'टक्... टक्' ऐकू आले तर बाकीची सगळी तपासणी थांबवून कामाच्या फाईली दुसरीकडे हलवाव्यात. दुसरीकडे म्हणजे डी ड्राइव्हवर नव्हे. सी आणि डी ही बहुधा एकाच डिस्कवर आखलेली दोन वावरे असतात. बांध घातला म्हणून पाऊस वेगळा पडत नाही. तरीही "बॅकअप हाय ना?" या प्रश्नाला "डी ला ठेवलाय" हे उत्तर ठाम आवाजात मिळते.

एवढे करून बाकी सगळे निर्दोष ठरले तरच विंडोजवर संशय घ्यावा. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'शट डाऊन' केल्यावर संगणक पुरता बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठावे म्हणून तो आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू करतो. कालचा गोंधळही त्याच्यासोबत उठतो. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून जे दुखणे रोज बंद करूनही जात नाही, ते एकदा 'रीस्टार्ट' केल्याने जाते. हे 'फास्ट स्टार्टअप' बंद करता येते. त्यासाठी सकाळचे काही सेकंद जास्त जातात, पण दहा मोजण्यात गेलेल्या वेळेपेक्षा ते कमीच भरतात. विंडोज 7 वर चालणारी यंत्रेही तालुक्यात आढळतात. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षेचे अद्यतन मिळत नाही, पण वाहतूक पोलिसाला दाखवण्याची वेळ येईपर्यंत लायसनची मुदत जशी आठवत नाही, तसेच हेही कोणाला आठवत नाही.

शेवटी दुरुस्ती करणारा. तो आला की संगणक पहिल्या दाबाला सुरू होतो. याला पायगुण म्हणतात, पण कारणे साधी आहेत. तो दुपारी येतो, तेव्हा कपॅसिटर तापलेले असतात आणि व्होल्टेजही सकाळपेक्षा बरे असते. संगणक त्याच्याकडे नेला, तर मोटारसायकलवर दोन मांड्यांत धरून नेताना रस्त्यावरचे सगळे खड्डे त्या पेटीतून जातात आणि सैल रॅम कधी कधी आपोआप बसते. त्याने "चांगला हाय की" म्हणून परत पाठवला तर तो खोटे बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, त्याच्यासमोर एकदा सुरू करून दाखवावा.

या सगळ्या तपासणीतून निकाल बहुतेक वेळा तीन ठिकाणी लागतो: सैल सॉकेट, संपलेला सेल किंवा सुकलेला एसएमपीएस. पहिले दोन घरच्या घरी निस्तरतात. तिसऱ्यासाठी नवा डबा घ्यावा आणि तो दुकानातल्या सर्वांत स्वस्तापेक्षा एक पायरी वरचा घ्यावा. तोपर्यंत उद्या सकाळी दुसऱ्या दाबाला संगणक सुरू झालाच, तर रांगेतला पहिला दाखला काढण्याआधी कामाच्या फाईली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. चहा नंतर सांगावा.